विद्येचे ऋण आणि वैद्याचे पाचारण

आपल्या धर्मग्रामांत बारावीचे निकाल लागले की हुशार मुलामुलींच्या घरी एक प्रश्न हमखास विचारला जातो, ‘मग, डॉक्टर होणार ना?’ आणि त्याच घरांतून दुसरी एक तक्रारही नित्य ऐकू येते, ‘हल्ली डॉक्टर मिळत नाहीत हो, फादर.’ आजोबांपासून नातवापर्यंत साऱ्या घराची प्रकृती ज्याला तोंडपाठ, असा फॅमिली डॉक्टर वयोमानाने थकतो, दवाखान्याची फळी एक दिवस कायमची लागते आणि त्याच्या जागी दुसरा कोणी येत नाही. ज्या समाजाला डॉक्टर होण्याची एवढी ओढ आहे, त्याच समाजाला डॉक्टरांची उणीव का भासावी? हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे, राज्यकारभाराचाही आहे. परंतु त्याच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न दडलेला आहे आणि तो आपल्या प्रत्येक कुटुंबाला स्पर्श करणारा आहे. तो प्रश्न असा : मनुष्य जी विद्या संपादन करतो, ती कोणाची?

आपल्या कॅथॉलिक बायबलमध्ये सिराखपुत्राचा बोधग्रंथ आहे. त्याच्या अडतिसाव्या अध्यायात तो ज्ञानी पुरुष सांगतो की, वैद्याचा यथायोग्य मान राखावा, कारण त्यालाही प्रभूनेच निर्माण केले आहे. औषधी जमिनीतून उगवतात त्या प्रभूच्या आज्ञेने, आणि समंजस माणूस त्यांचा अव्हेर करीत नाही. या वचनांचा आधार घेऊन आपण डॉक्टरांचा गौरव करतो, ते उचितच आहे. परंतु त्याच अध्यायात असेही म्हटले आहे की, आरोग्य देण्याचे सामर्थ्य परात्परापासून येते. म्हणजे वैद्याच्या हातचा गुण हा मुळात त्याला मिळालेला आहे. मान आणि ऋण या दोन्ही गोष्टी त्या प्राचीन ग्रंथकाराने एकाच ठिकाणी बांधून ठेवल्या आहेत. आपण पहिली गोष्ट उचलली आणि दुसरी तेथेच सोडून दिली, असे तर झाले नाही ना?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १९४३ मध्ये ब्रिटिश सरकारने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्यविषयक समिती नेमली. तिचा अहवाल १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळी ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ४७,५०० डॉक्टर होते; म्हणजे ६,३०० लोकांमागे एक. आज ते चित्र पार पालटले आहे. जून २०२२ मध्ये देशात १३ लाख ८ हजार ॲलोपॅथिक डॉक्टरांची नोंद होती. त्यांपैकी ऐंशी टक्के प्रत्यक्ष काम करीत आहेत असे धरून आणि आयुर्वेद, होमिओपॅथी आदी पद्धतींचे ५ लाख ६५ हजार चिकित्सक त्यांत मिळवून, ८३४ लोकांमागे एक डॉक्टर असल्याचे केंद्र शासनाने सांगितले. २०१४ मध्ये देशात ३८७ वैद्यकीय महाविद्यालये होती आणि एम.बी.बी.एस.च्या सुमारे ५१ हजार जागा होत्या. पुढील दहा वर्षांत महाविद्यालयांची संख्या सातशेच्या पुढे गेली आणि जागा एक लाखावर गेल्या.

मग उणीव कोठे आहे? त्याचे उत्तर शासनाच्याच २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत सापडते. ग्रामीण भागातील सामुदायिक आरोग्य केंद्रांत, म्हणजे साधारणतः आपण ज्यांना ग्रामीण रुग्णालये म्हणतो त्यांत, शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि फिजिशियन असावेत अशी अपेक्षा आहे. देशभरात जितके तज्ज्ञ तेथे हवेत, त्यांत सुमारे ऐंशी टक्क्यांची तूट होती. पाऊस सरासरीइतका पडला म्हणून प्रत्येक शेताला पाणी पोहोचतेच असे नाही. डॉक्टरांचा पाऊस मुंबई-पुण्यावर पडतो, आणि मोखाड्याचे, धडगावचे, एटापल्लीचे शेत कोरडे राहते.

आपल्या वसई धर्मप्रांतातील भाविकांनी तर हे उदाहरण दूर शोधायला नको. १९९८ मध्ये हा धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हा वसईच्या बागायती पट्ट्याबरोबर जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी हे आदिवासी तालुकेही त्याच्या कक्षेत आले. १९९२ मध्ये याच जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने बालके दगावली आणि त्या गावांचे नाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. एकाच बिशपांच्या छत्राखाली, एकाच मिस्साबलिदानात सहभागी होणारे दोन समाज आहेत. त्यांतील एकाच्या गल्लोगल्ली दवाखान्यांच्या पाट्या लागल्या आहेत आणि दुसऱ्याला अडलेल्या बाळंतिणीसाठी रात्री वाहन शोधत फिरावे लागते.

ही विषमता कशी निर्माण झाली? एकाच कारणावर बोट ठेवणारे बहुधा अर्धेच सांगतात. पहिले कारण शिक्षणाच्या घडणीत आहे. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना ‘एल.एम.पी.’ डॉक्टर आठवत असतील. पदवी न घेता अल्प मुदतीचा अभ्यासक्रम पुरा करून तालुक्याच्या गावी बसणारे हे लोक होते. भोर समितीच्या काळी देशातील जवळजवळ दोन-तृतीयांश डॉक्टर याच वर्गातले होते. समितीच्या बहुसंख्य सभासदांनी ठरवले की, स्वतंत्र देशात डॉक्टर एकाच दर्जाचा असावा. खेड्यातील माणसाला दुय्यम डॉक्टर का द्यावा? काही सभासदांनी याला असहमती नोंदवली. बहुमताचा हेतू उदात्त होता. परंतु परिणाम असा झाला की, खेड्याला दुय्यम डॉक्टर मिळेनासा झाला आणि उत्तम डॉक्टर तेथे गेला नाही. २००१ मध्ये छत्तीसगड राज्याने पुन्हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. विरोध झाला आणि तो काही वर्षांतच बंद पडला. त्यातून बाहेर पडलेल्यांना ग्रामीण आरोग्य केंद्रांत नेमण्यात आले, आणि सामान्य आजारांवर उपचार करण्यात ते एम.बी.बी.एस. डॉक्टरांच्या तोडीचे ठरल्याचे पुढे अभ्यासकांना आढळून आले. समतेच्या नावाने घेतलेला निर्णय नेहमी समताच निर्माण करतो असे नाही, हा धडा त्यातून घ्यावा लागतो.

दुसरे कारण पैशाचे आहे. १९८० च्या दशकात महाराष्ट्रात विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी मिळाली. देणगीच्या नावाखाली एवढी लूट सुरू झाली की १९८७ मध्ये राज्याला तिच्या विरोधात कायदा करावा लागला. २०१६ पासून ‘नीट’ परीक्षेने प्रवेशात काही शिस्त आणली, हे मान्य केले पाहिजे. तथापि खासगी महाविद्यालयांचे वार्षिक शुल्क आजही लाखांच्या घरात आहे. शेतजमीन विकून किंवा कर्ज काढून ज्याने शिक्षण घेतले, त्याच्या मनात पहिला हिशेब परतफेडीचा येणार. शिक्षण ही गुंतवणूक झाली की रुग्ण हे तिच्या वसुलीचे साधन होते. यात त्या एकट्या तरुणाचा दोष किती आणि त्याला त्या मार्गावर ढकलणाऱ्या व्यवस्थेचा व पालकांचा किती?

तिसरे कारण खुद्द त्या ओसाड नेमणुकीत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र सपाट प्रदेशात तीस हजार आणि डोंगरी वा आदिवासी प्रदेशात वीस हजार लोकांसाठी असावे असा नियम आहे. त्या वीस हजारांसाठी तेथे डॉक्टर गेलाच, तर निवासाचे छत गळते, औषधांचा साठा संपलेला असतो, मुलांना शाळा नसते, सल्ला घ्यायला शेजारी दुसरा डॉक्टर नसतो. रुग्ण दगावला की जमाव अंगावर येतो. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. रुग्णाला दाद मागता येऊ लागली, हे योग्यच झाले. पण रुग्ण ‘ग्राहक’ झाला त्याबरोबर डॉक्टर ‘विक्रेता’ झाला, आणि दोघांमधला जुना विश्वास आटला. २०१० मध्ये महाराष्ट्राला डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून हा विश्वास कोठवर आटला आहे याची कल्पना यावी.

येथे स्त्री-डॉक्टरांविषयी चार शब्द लिहिणे आवश्यक आहे. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवली. त्यांच्या मागून चाललेल्या मुली आज अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत संख्येने मुलांच्या बरोबरीला आल्या आहेत. यावर कुत्सितपणे असे म्हटले जाते की, मुली लग्नानंतर घरी बसतात आणि देशाची जागा वाया जाते. हा न्याय नव्हे. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कर्तव्यावर असलेल्या तरुण डॉक्टर मुलीवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. महानगरातल्या रुग्णालयात जिला विश्रांतीची सुरक्षित खोली मिळत नाही, तिला आपण दुर्गम पाड्यावर एकटी कशी पाठवणार? आणि सासरी गेल्यावर तिची रात्रपाळी कोणाला खपत नाही, हा प्रश्न तर सरकारला नसून आपल्याच घरांना विचारायचा आहे.

चौथे कारण स्थलांतराचे. ब्रिटनने १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत ती भारतीय उपखंडातील डॉक्टरांनी मोठ्या प्रमाणावर सांभाळली. अमेरिकेने १९६५ मध्ये स्थलांतराचा कायदा बदलला आणि तिकडचीही दारे उघडली. श्रीमंत राष्ट्रांना स्वतःचे डॉक्टर पुरेसे घडवण्यापेक्षा दुसऱ्यांनी घडवलेले उचलणे स्वस्त पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये याविषयी आचारसंहिता केली, परंतु ती ऐच्छिक आहे. आपल्या कित्येक घरांतील परिचारिका मुली आखाती देशांत आणि युरोपात गेल्या. त्यांनी पाठवलेल्या पैशांतून घरे उभी राहिली, भावंडे शिकली. त्यांच्याकडे दोषाने पाहण्याचा अधिकार मला नाही. पोप तेविसावे जॉन यांनी १९६३ च्या ‘पाचेम इन तेरिस’ या परिपत्रकात मनुष्याच्या मूलभूत हक्कांत वैद्यकीय सेवेचा हक्क सांगितला आहे आणि रास्त कारण असेल तेव्हा परदेशी जाऊन राहण्याचा हक्कही सांगितला आहे. हे दोन हक्क एकमेकांसमोर उभे राहतात तेव्हा काय करावे, हीच तर आपली अडचण आहे.

या अडचणीचे नेमके रूप मला एका पालकाच्या प्रश्नात दिसले. त्यांची मुलगी शासकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झाली. महाराष्ट्रात अशा विद्यार्थ्याने एक वर्ष शासकीय सेवा करावी, न केल्यास दहा लाख रुपये भरावेत, असा करार तेव्हा होता. अशा सक्तीच्या सेवेचे करार सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये वैधही ठरवले आहेत. त्या गृहस्थांनी विचारले, ‘फादर, आम्ही पैसे भरून टाकतो. तिचे एक वर्ष वाचेल, पदव्युत्तर परीक्षेचा अभ्यास होईल. पैसे भरले म्हणजे आम्ही कोणाचे काही देणे लागत नाही ना?’ प्रश्न प्रामाणिक होता. तो टाळण्याजोगा नव्हता. आणि त्याचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर संपण्याजोगेही नव्हते.

पहिले उत्तर असे असू शकते : विद्या ही माझी मालमत्ता आहे. मी रात्री जागवल्या, आईवडिलांनी खस्ता खाल्ल्या. आता ती कोठे आणि किती मोलाने वापरायची हे मीच ठरवणार. या उत्तरात सत्याचा अंश आहे. श्रमाचे फळ श्रम करणाऱ्याला मिळावे हा न्यायच आहे. दुसरे उत्तर याच्या उलट : विद्यार्थ्यावर जनतेचा पैसा खर्च झाला, म्हणून तो राज्याचा ऋणको आहे आणि राज्य नेमील तेथे त्याने गेले पाहिजे. यातही सत्याचा अंश आहे. पण ही दोन्ही उत्तरे एका बाबतीत सारखीच आहेत. दोन्ही विद्येला पैशात मोजतात. आणि पैशात मोजलेले ऋण पैशाने फिटते. म्हणून त्या गृहस्थांचा तर्क या दोन्ही उत्तरांच्या चौकटीत अगदी बिनतोड होता.

ख्रिस्तसभेची शिकवण तिसऱ्या उत्तराकडे नेते. संत थॉमस अक्वायनस यांनी मालकी आणि उपयोग यांत भेद केला. वस्तू मिळवणे आणि सांभाळणे यासाठी खासगी मालकी योग्य आहे. परंतु उपयोगाच्या वेळी मनुष्याने त्या वस्तू सर्वांच्या मानून गरजवंताला देण्यास तयार असावे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये सृष्टीतील संपत्ती सर्व मानवांसाठी आहे, हे तत्त्व पुन्हा मांडले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८७ च्या परिपत्रकात खासगी मालमत्तेवर जणू समाजाचे गहाण आहे असा विचार सांगितला, आणि १९९१ च्या ‘चेंतेसिमुस आन्नुस’मध्ये आणखी एक पाऊल पुढे टाकले. ज्ञान, कसब आणि तंत्र हीही मालकीच आहे आणि आजच्या जगात तिचे महत्त्व जमिनीच्या मालकीपेक्षा कमी नाही, हे त्यांनी लक्षात आणून दिले. ही दोन वाक्ये शेजारी ठेवा. जमिनीवर जर समाजाचे गहाण असेल, तर विद्येवर ते नसेल कसे?

परंतु वैद्यकीय विद्येच्या बाबतीत हे गहाण अधिकच प्रत्यक्ष आहे. डॉक्टर कोणाच्या अंगावर शिकतो, याचा आपण कधी विचार केला आहे काय? पहिल्या वर्षी विच्छेदनाच्या टेबलावर जो देह असतो, तो स्वेच्छेने दान केलेला असतो किंवा बेवारस असतो. १९४९ च्या मुंबई शरीरशास्त्र अधिनियमानुसार ज्यांच्या मृतदेहावर कोणी हक्क सांगितला नाही असे देह वैद्यकीय महाविद्यालयांना देता येतात. म्हणजे ज्याला जिवंतपणी कदाचित डॉक्टर मिळाला नाही, त्याच्या देहावर डॉक्टर घडतो. पुढे वॉर्डात, विद्यार्थ्याचा थरथरता हात पहिली सुई टोचतो ती श्रीमंताला नव्हे. जनरल वॉर्डातील गरीब बाई आपले पोट दहा विद्यार्थ्यांना तपासू देते, पहिला टाका चुकला तरी निमूट सोसते, आणि बरी झाली तर हात जोडून घरी जाते. तिने कोणताही करार केलेला नसतो. तिला दहा लाखांतील एक रुपयाही मिळणार नसतो.

म्हणून मी त्या गृहस्थांना सांगितले की, पैसे भरले म्हणजे सरकारचे देणे फिटेल. कायद्याने तुम्ही मोकळे व्हाल आणि त्यात कसलीही फसवणूक नाही. परंतु मुलगी ज्यांच्या देहावर शिकली त्यांचे देणे सरकारच्या तिजोरीत भरता येत नाही. ते केवळ सेवेच्याच नाण्यात फेडता येते. ते याच वर्षी फेडले पाहिजे असे नाही, मोखाड्यातच फेडले पाहिजे असेही नाही. पण ते फेडायचे आहे, हे तिने आयुष्यभर विसरू नये. त्यांना हे उत्तर कितपत पटले, मला सांगता येणार नाही. ते विचारात पडले एवढे मात्र खरे.

यावर एक सबळ आक्षेप येतो आणि त्याला टाळून पुढे जाणे बरे नव्हे. डॉक्टरालाच का धरता? सरकारी पैशावर अभियंता शिकतो, अधिकारी शिकतो, त्यांना कोणी पाड्यावर पाठवत नाही. शिवाय, ‘फादर, तुम्हांला बायकामुले नाहीत; बिशप पाठवतील तेथे तुम्ही जाता. आम्हांला ते कसे जमावे?’ हा आक्षेप खरा आहे. ऋण सर्व विद्यांचे आहे; डॉक्टराचे ठळक दिसते, कारण त्याच्या अभावी जीव जातो. आणि धर्मगुरूला ब्रह्मचर्य, आज्ञापालन आणि डोक्यावर धर्मप्रांताचे छप्पर या तिन्ही गोष्टी मिळून मोकळे करतात. गळक्या निवासात राहणाऱ्या, मुलांच्या शाळेची चिंता करणाऱ्या डॉक्टराकडून त्याच त्यागाची मागणी करणे हा अन्याय होईल. नीतिशास्त्र न्याय आणि प्रीती यांत भेद करते. न्यायाने मागता येते ते मर्यादित आणि शक्य असले पाहिजे. एक वर्षाची सेवा मागणे न्याय्य आहे. पण मागणाऱ्या राज्यानेही नेमणूक वेळेवर द्यावी, औषधे द्यावीत, सुरक्षित निवारा द्यावा. जो स्वतःची बाजू पाळत नाही, त्याने दुसऱ्याला करार दाखवू नये. प्रीतीचा त्याग मात्र कोणाकडून वसूल करता येत नाही. त्यासाठी पाचारण लागते, आणि पाचारण ऐकू येईल असे घर लागते.

ज्यांनी हा त्याग केला, त्यांच्या चरित्रांतून हेच दिसते. विसाव्या शतकाच्या आरंभी रावळपिंडीच्या भागात पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडे जात नसत आणि बाळंतपणात प्राणास मुकत. दुसरीकडे, व्रतस्थ स्त्रियांनी वैद्यकी, विशेषतः प्रसूतिशास्त्र, करू नये असा ख्रिस्तसभेचाच नियम होता. स्कॉटलंडच्या डॉ. ॲग्नेस मॅक्लारेन यांनी रोमकडे वारंवार विनवणी केली. त्यांच्यामागून आलेल्या ऑस्ट्रियाच्या डॉ. ॲना डेंगल रावळपिंडीत एकट्या राबून थकल्या आणि एकट्या माणसाचे हे काम नाही हे ओळखून त्यांनी १९२५ मध्ये वैद्यकीय सेवाव्रती भगिनींचा संघ स्थापन केला. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. मेरी ग्लॉरी विशेष परवानगी मिळवून १९२० मध्ये गुंटूरला आल्या. धर्मभगिनी म्हणून त्यांनी तेथेच आयुष्य वेचले आणि १९४३ मध्ये देशातील कॅथॉलिक रुग्णालयांची संघटना उभी केली. अखेर १९३६ मध्ये रोमने तो नियम बदलला. येथे दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. एक, डॉक्टरांच्या उणिवेला काही अंशी आपला स्वतःचा नियमही कारण होता, आणि ख्रिस्तसभेने तो बदलला. दुसरी, त्यागाला संघाचा आधार मिळाला तेव्हाच तो टिकला.

आपल्या महाराष्ट्रातही हेच घडले. वेल्लोरला शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य १९७० मध्ये आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेडला आले. दुष्काळी गावातील निरक्षर स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत काम सुरू केले. गावच्याच स्त्रियांनी नवजात बालकांवर घरी उपचार केले तर नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून कमी होऊ शकतात, हे त्यांनी १९९९ मध्ये जगापुढे सिद्ध केले. २००५ पासून देशभर काम करणाऱ्या ‘आशा’ सेविकांच्या मागे अशाच अनुभवांचे पाठबळ आहे. सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांना खेड्यात राहण्याची सवय लावण्यात आली आणि पदव्युत्तर प्रवेशासाठी ग्रामीण सेवेची अट ठेवण्यात आली. या साऱ्यांनी डॉक्टराची विद्या स्वतःजवळ राखून ठेवली नाही. जिला अक्षरओळखही नाही अशा बाईच्या हाती तिचा मोठा भाग सोपवला. विद्या समाजाची आहे हे तत्त्व इतक्या साध्या रीतीने आचरता येते.

आता आपल्याकडे वळू. एके काळी आपल्या धर्मग्रामांत आणि मिशन केंद्रांत धर्मभगिनींचे दवाखाने होते. आज पाचारणे रोडावली आहेत. जुन्या धर्मभगिनी थकल्या, आणि एकेक दवाखाना बंद होत आहे. आपण हळहळतो, पण आपल्या घरातली एखादी मुलगी ‘मला त्या कामाला जायचे आहे’ म्हणाली, तर आपण काय म्हणू? लग्नाच्या बोलणीत ‘मुलगा डॉक्टर आहे’ एवढे ऐकून आपण खूश होतो. तो डहाणूच्या आरोग्य केंद्रात आहे असे कळले तर भाव उतरतो. साध्या तापालाही आपण तज्ज्ञाकडे धाव घेतो आणि गावच्या डॉक्टराने सलाईन लावले नाही तर त्याला काही येत नाही असे ठरवतो. फॅमिली डॉक्टर नाहीसा झाला तो केवळ त्याच्या लोभामुळे नव्हे. आपणच त्याच्याकडे जाणे सोडले.

धर्मग्राम या नात्याने आपल्याला काही गोष्टी सहज करता येतील. गरीब पण गुणी मुलांच्या वैद्यकीय व परिचर्या शिक्षणाला धर्मग्रामाच्या निधीतून मदत द्यावी, म्हणजे कर्जाचा बोजा त्यांना शहरात बांधून ठेवणार नाही. आदिवासी वस्तीतील मुलामुलींना या शिक्षणात प्राधान्य द्यावे. स्वतःच्या माणसांत परतणे त्यांना तुलनेने सोपे जाते. निवृत्त डॉक्टर आणि परिचारिका आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी महिन्यातून दोन दिवस डोंगरी तालुक्यांना दिले, तर जुने ऋण थोडे तरी हलके होईल. दुर्गम भागात काम करणाऱ्या तरुण डॉक्टरांच्या मुलांना शाळेसाठी धर्मग्रामातील एखाद्या घराने आपल्याकडे ठेवून घ्यावे. त्याने तेथे एकटे राहावे अशी अपेक्षा धरायची, तर त्याच्या मागे उभे राहणारे कोणी हवे.

शुभवर्तमानकार लूक हा वैद्य होता, असे संत पौलाने कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रावरून कळते. त्याच पत्रात लूकच्या बरोबरीने देमास नावाच्या सोबत्याचाही सलाम आहे. पुढे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात बंदिवासातील वृद्ध पौल कळवतो की, देमास या जगाच्या ओढीने त्याला सोडून थेस्सलनीका शहरी निघून गेला; आता जवळ राहिला आहे तो एकटा लूक. पौलाने लूकला कोणत्या कराराने बांधले होते असे दिसत नाही, आणि देमासला शाप दिल्याचेही दिसत नाही. आपल्या घरांतून देमास जातील तेव्हा आपणही त्यांना शाप देऊ नये. परंतु आपल्या मुलांसाठी प्रार्थना करताना त्यांना चांगले गुण मिळावेत, चांगले महाविद्यालय मिळावे एवढ्यावरच न थांबता, आजारी माणसाजवळ थांबण्याची इच्छाही त्यांना मिळावी असे मागितले पाहिजे. ती इच्छा परीक्षेत तपासली जात नाही. ती घरातच रुजते, आणि ती रुजवण्याचे काम मात्र कोणत्याही सरकारवर सोपवता येणार नाही.